काम सांगताना एक पान लिहून द्या: गोव्यातल्या व्यापारी-उद्योजक संघटनांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि सभासद,
गोव्यातील व्यापारी, हॉटेल व लघुउद्योजक संघटना

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्यात घरूनच ग्राफिक डिझाइनचं काम करते. आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकले, काही वर्षं पणजीत नोकरी केली आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मेनूकार्डं, काजूची पाकिटं, होमस्टेच्या पाट्या, फेणीच्या बाटल्यांवरची लेबलं माझ्यासारख्याच कोणीतरी घरातल्या एका खोलीत बसून केलेली आहेत. अशी माणसं गोव्यात गावोगाव आहेत. आमची संघटना नाही, तुमच्या आहेत, म्हणून पत्र तुम्हाला.

मागणी एकच आहे. डिझायनरला काम सांगाल तेव्हा ते एका पानावर लिहून द्या. काय काम, किती पैसे, आगाऊ किती, उरलेले कोणत्या तारखेला, दुरुस्त्या किती, आणि झालेलं काम शेवटी कोणाच्या मालकीचं. खाली दोघांच्या सह्या. तुमच्या सभासदांमध्ये ही रीत पडावी म्हणून संघटनेने पुढाकार घ्यावा, एवढंच म्हणायचं आहे. बाकीचं पत्र, हे का मागते आहे ते सांगण्यासाठी.

आमच्या धंद्यात अडखळणाऱ्याला उपदेश भरपूर मिळतो. कामाचे नमुने नीट मांडा, लोकांत मिसळा, नवं सॉफ्टवेअर शिका, स्वतःची किंमत ओळखा. वाईट काही नाही त्यात. पण माझ्या ओळखीच्या ज्या मुलामुलींनी हे काम सोडलं, त्यांच्या हातात कला नव्हती असं म्हणायची माझी छाती नाही. कोणी पुण्याला गेलं, कोणी बंगळुरूला, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून थेट इंग्लंडला. काम मिळत होतं त्यांना. केलेल्या कामाचे पैसे कधी येतील ते सांगता येत नव्हतं, आणि घरभाडं मात्र ठरल्या तारखेला द्यावं लागत होतं.

आमच्या धंद्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पाऊस लागतो, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले असतात, हॉटेलं डागडुजी काढतात आणि नव्या सीझनसाठी मेनू, पाट्या, वेबसाइट सगळंच बदलायचं ठरतं. जुलै ते सप्टेंबर मान वर करायला सवड नसते. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी मिठाईचे खोके, भेटकार्डं, सवलतीच्या जाहिराती यांची भर. या दिवसांत पैसे विचारले की उत्तर ठरलेलं: ‘आतां धंदो खंय आसा गो बाय? सीझन सुरू जांव दी.’ ऑक्टोबरात सीझन सुरू होतो. तेव्हा मालक फोनवर येत नाहीत, मॅनेजर येतो, आणि मॅनेजर नवा असतो. त्याला त्या मेनूचं काही माहीत नसतं. डिसेंबरात फोन करणं म्हणजे आपणहून अपमान मागून घेणं. मार्च उलटला की कळतं, यंदा सीझनच बसला. मग पुन्हा पाऊस येतो, आणि त्याच मालकांचा नव्या मेनूसाठी फोन येतो. बोलणं अगदी प्रेमाचं असतं. चहा मिळतो, घरची चौकशी होते, जाताना चार शहाळी गाडीत ठेवली जातात. बिलाचा विषय निघत नाही.

हे मालक लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पैसे बुडवणारे मला फार थोडे भेटले. उशिरा देणारे मात्र बहुतेक सगळे, आणि त्यांच्या उशिरावर आमचं वर्ष चालतं. छापखान्याचं बिल त्यांनी त्याच मेनूसाठी त्याच आठवड्यात चुकतं केलेलं असतं, कारण छापखानेवाला पैसे हातात पडल्याशिवाय गठ्ठा सोडत नाही. आमच्याकडे अडवून धरायला गठ्ठा नसतो. फाइल मेलने गेली की आमचा हात सुटला.

चवथीला मंडप घालणारा विसार घेतल्याशिवाय बांबू उतरवत नाही, मग तो मालकाचा सख्खा चुलतभाऊ का असेना. त्यात कोणाला अविश्वास दिसत नाही, कोणी रागावत नाही. आम्ही निम्मी रक्कम आगाऊ मागितली की तोंडं वाकडी होतात. ‘आमच्यावर भरवसा नाही?’ भरवशाचा प्रश्न मंडपवाल्याला कोणी विचारत नाही.

आता कायदा. तुमच्या संघटनांत सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत, त्यांना हे नवं नाही. पण सभासदांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा आहे. त्यात सेवा देणाराही उद्योगच. घरी बसून एकटीने काम करणारी डिझायनर उद्यम नोंदणी करू शकते. नोंदणी आधारवर होते आणि तिला एक पैसा पडत नाही. अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाकडून काम घेतलं की त्याचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर मुदत 15 दिवसांची. काम हाती आल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम मिळाल्याच्या दिवशीच ते स्वीकारलं असं धरतात. मुदत चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते. ती अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेपुढे जाते, आणि परिषदेच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

एवढं सगळं हाताशी असताना रडगाणं कशाला, असं कोणी विचारेल. उत्तर सोपं आहे. गोवा बारा तालुक्यांचा. ज्यांच्यावर तक्रार करायची त्यांची मेहुणी आमच्या आतेची जाऊ निघते. म्हार्दोळच्या जत्रेत ते समोर येणार, लग्नात एकाच पंगतीला बसणार, आणि परिषदेची नोटीस ज्यांच्या हातात पडली ते पुढच्या दहा जणांना काय सांगतील हेही ठाऊक असतं: पोरगी कामाला बरी आहे, पण कोर्टकचेऱ्यांतली आहे. तिला पुढचं काम कोण देईल? कायद्याने आमची बाजू घेतली खरी, पण कायदा वापरायची सोय गावात नाही. माझ्या ओळखीत आजवर कोणी अशी तक्रार केलेली नाही, आणि मी कोणाला कर म्हणून सांगणारही नाही.

म्हणूनच हे पत्र एकेका मालकाला लिहिलं नाही. एकट्या डिझायनरने कागद पुढे केला की ती आगाऊ ठरते. तोच कागद संघटनेच्या नावाने छापलेला असला, तर ती नुसती रीत होते. ‘आमच्या संघटनेचा नमुना आहे, भरून टाकू’ हे वाक्य मालकाच्या तोंडून यायला हवं. माझ्या तोंडी ते शोभत नाही.

यात तुमचाही फायदा आहे, तो सांगते. नाहीतर ही एकतर्फी मागणी वाटेल. पहिला फायदा आयकराचा. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल वर सांगितलेल्या मुदतीत दिलं नाही आणि 31 मार्चलाही ते थकलेलंच राहिलं, तर त्या वर्षाच्या हिशेबात तो खर्च वजा होत नाही. पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी होईल. काजूच्या मोठ्या व्यवहारांत तुमचे लेखापाल हे सांभाळतच असतील. डिझाइनचं बिल किरकोळ म्हणून फाइलीच्या तळाशी राहतं.

दुसरा फायदा मोठा आहे, आणि त्याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष नाही. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं बहुतेक मालक धरून चालतात. 1957 चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं. बाहेरच्या डिझायनरने केलेला लोगो मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत डिझायनरचा. ते हस्तांतर सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणजे तोंडी व्यवहारावर चिन्ह घेऊन जो कारखानदार दुबईला काजू पाठवतो, त्याच्या खोक्यावरचं चित्र कायद्याच्या नजरेत अजून कोणा डिझायनरच्या नावावर असू शकतं. डिझायनर भांडायला येणार नाही, वर सांगितलेल्याच कारणांनी. पण उद्या धंद्यात भागीदार घ्यायचा झाला, ब्रँड विकायचा झाला, परदेशात ट्रेडमार्कची नोंदणी करायची झाली, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. त्या एका पानावरची एक ओळ तुम्हाला यातून सोडवते: पूर्ण पैसे मिळाल्यावर या कामाचे सर्व हक्क, कायमचे आणि जगभरासाठी, अमुक यांचे. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर’ हे शब्द आमच्यासाठी, बाकीची ओळ तुमच्यासाठी.

मालकीवरून आणखी एक आठवलं. ‘मारिओसारखं काढून दे’ हे गोव्यातल्या प्रत्येक डिझायनरने ऐकलेलं वाक्य. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या शैलीच्या छायेत कोणी नवं चित्र काढलं तर तो वेगळा विषय, जरी मला स्वतःला त्याचा कंटाळा आला आहे. गोव्यात दुसरं काही दिसतच नाही की काय, असं वाटायला लागतं. पण बऱ्याचदा मागणी असते ती त्यांचंच चित्र उचलून, रंग बदलून भिंतीवर लावायची. मारिओ 2011 मध्ये गेले. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे ती चित्रं 2071 सालच्या अखेरपर्यंत कोणाला अशी फुकट वापरता येणार नाहीत. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोंचं आणि फॉन्टचंही तेच. कागदावर ‘वापरलेली चित्रं आणि फॉन्ट परवान्याचे, जबाबदारी डिझायनरची’ असं लिहा. मी आनंदाने सही करीन, आणि मग असली मागणी नाकारायला मलाही आधार मिळेल.

दुरुस्त्यांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळी कटकट तिथेच होते. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानकुराद आंब्याला आणि बेबिंका या गोड पदार्थाला 2023 मध्ये मिळालं. खोलाची मिरची, खाजें यांनाही मिळालेलं आहे. त्यामुळे गावातल्या छोट्या उत्पादकांनाही आता नीट पाकीट हवं असतं, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. मला सगळ्यात आवडणारं काम हेच. पण खाण्याच्या पाकिटावर काय काय असावं लागतं ते बघा. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, उत्पादनाची आणि वापराची तारीख, पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, उत्पादकाचा पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक. दारू असेल तर वैधानिक इशारा. ही माहिती माझ्याकडे कशी येते? अर्धी व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोपातून, पाव भाग जुन्या पाकिटाच्या चुरगळलेल्या फोटोवरून, उरलेली ‘ते तू घाल ग काहीतरी’ म्हणून. मग पाकीट छापायला जातं. मोठ्या संख्येने छापायच्या प्लास्टिक पाकिटांना प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सिलिंडर तयार झाल्यावर फोन येतो: परवान्याचा नंबर जुना होता. नवा सिलिंडर कोणाच्या खर्चाने? कागद नसला की ज्याचा आवाज मोठा तो म्हणेल तसं.

त्या पानावर लिहायचं ते साधं आहे. मजकूर मालकाने एकदाच, टाइप करून, तपासून द्यायचा. दोन किंवा तीन दुरुस्त्या ठरलेल्या पैशांत, पुढच्या प्रत्येकीला ठरावीक रक्कम. छपाईला जाण्यापूर्वीच्या शेवटच्या प्रुफावर मालकाची सही. सही झाल्यावर सापडलेली चूक मजकुरातली असेल तर मालकाची, मांडणीतली असेल तर माझी.

मराठी-कोंकणी मजकुराची तर वेगळीच कथा. मुंबई-दिल्लीहून येऊन इथे हॉटेल काढणारे मूळ काम तिकडच्याच स्टुडिओला देतात आणि शेवटी ‘देवनागरी तेवढी बसवून द्या’ म्हणून आमच्याकडे येतात, जणू ती स्टिकरसारखी चिकटवायची असते. स्थानिक मालक मजकूर पाठवतात तो रोमन अक्षरांत. त्यावरून ण की न, ळ की ल, हे मी ओळखायचं. कोणाकडे ‘श्रीलिपी’ या जुन्या सॉफ्टवेअरमधली फाइल असते, ती आजच्या संगणकावर उघडली की नुसती खिचडी दिसते. सगळं पुन्हा टाइप करायचं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडली नसेल तर वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात आणि जोडाक्षरं फुटतात. गावातल्या किती पाट्यांवर अशी फुटलेली अक्षरं आहेत ते फोंड्याहून पणजीला जाताना मोजा. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतात, पण भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ते येत नाहीत, हिंदी वळणाचे येतात. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ फॉन्ट करून देवनागरी घरोघरच्या संगणकावर पोचवली, त्याला किती वर्षं झाली! आणि आमच्या पाट्यांवर अजून ‘प्रसिद्ध’चं ‘प्रसिध्द’ होतं. हे तपासणं, लिहिणं, भाषांतर करणं म्हणजे काम आहे. त्याची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम त्या पानावर असायला हवी. फुकटात भाषा सुधारून देणारी माणसं मिळतात तोवर पाट्या अशाच राहतील.

‘आधी नमुना करून दाखव, आवडला तर काम देतो’ हा आणखी एक प्रकार. तिघाचौघांकडून असे नमुने घ्यायचे आणि त्यांतली गंमत एकत्र करून छापखान्यातल्या मुलाकडून फुकट करून घ्यायचं. फ्लेक्स छापणारे डिझाइनचे पैसे घेत नाहीत, फुटामागे छपाईतच काढतात, त्यामुळे डिझाइन फुकट असतं असा समज घट्ट झाला आहे. आता तर संगणकच चित्र काढून देतो. देऊ दे. ज्यांना ते पुरतं त्यांनी जरूर वापरावं, माझं भांडण नाही. गणपतीच्या हाताची बोटं तेवढी मोजून घ्यावीत. पण ज्यांना माझं काम हवं आहे त्यांनी माझा नमुनाही विकत घ्यावा. झालेली कामं बघून माणूस निवडता येतो.

संघटनाही अधूनमधून लोगोच्या स्पर्धा ठेवतात, म्हणून हेही लिहिते. स्पर्धा ही मुळात वाईट गोष्ट नाही. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने 2009 मध्ये स्पर्धाच घेतली, तीन हजारांवर प्रवेशिका आल्या, आणि 2010 मध्ये डी. उदयकुमार यांचं चिन्ह स्वीकारलं गेलं. त्यांना अडीच लाख रुपये मिळाले, पण अखेरच्या पाचांत निवडलेल्यांनाही प्रत्येकी 25 हजार मिळाले, हे कोणी सांगत नाही. स्वच्छ भारत अभियानाचं गांधीजींच्या चष्म्याचं बोधचिन्ह 2014 मध्ये असंच स्पर्धेतून आलं. ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं. आपल्याकडच्या स्पर्धांच्या नियमांत मात्र शेवटची ओळ असते: आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील. एका बक्षिसात पन्नास जणांचं काम. ही ओळ काढा. हरलेल्याचं चित्र हरलेल्याकडेच राहू द्या, आणि अंतिम फेरीत आलेल्यांना काहीतरी मानधन ठेवा.

पैशांच्या कागदपत्रांविषयी थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर गोव्यात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावायचा नसतो. तेव्हा ‘जीएसटी बिल नाही म्हणजे तुम्ही पक्के नाही’ हे म्हणणं सोडून द्या. टीडीएस कापता, जरूर कापा, पण कापलेला सरकारात भरा आणि आयकर खात्याकडच्या आमच्या नावावरच्या कराच्या विवरणात तो दिसू द्या. तिथे दिसला नाही की आमचे ते पैसे अडकतात. आणि बँकेत कर्ज मागायला गेलं की मॅनेजर विचारतात, हातात कामं आहेत म्हणता, त्यांच्या ऑर्डरी दाखवा. काय दाखवू? ‘सोमवारी ये, बघूया’ असा व्हॉट्सअॅप निरोप? तुमच्या सहीचं एक पान तिथे नव्या संगणकाचं कर्ज मिळवून देऊ शकतं, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

हा कागद आम्हालाही बांधणारा असावा. डिझायनर फोन उचलत नाहीत, तारीख पाळत नाहीत, एकाला दिलेला लोगो दुसऱ्याला थोडा बदलून देतात, अशा तुमच्याही तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. पानावर आमच्या कामाची तारीख घाला, उशीर झाला तर रकमेतून किती कापायचं ते घाला. बदल करता येणारी मूळ फाइल, जिला सगळे ‘ओपन फाइल’ म्हणतात, ती रकमेत धरलेली आहे की वेगळी, तेही आधीच लिहू. निम्म्या भांडणांचं मूळ तीच असते. मध्येच काम थांबवलं तर आगाऊ घेतलेल्यातलं किती परत, हेही.

तुमच्याकडून तीन गोष्टी व्हाव्यात असं वाटतं. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या वकिलांकडून एक पानी नमुना मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत करून घ्या आणि सभासदांच्या ग्रुपवर टाका. आणि संघटनेच्या स्वतःच्या कामापासून सुरुवात करा: वार्षिक अहवाल, स्मरणिका, मेळाव्याचे फलक. स्मरणिकेचं काम तर हमखास ‘आपल्याच संघटनेचं आहे’ म्हणून फुकटात मागितलं जातं, त्याच स्मरणिकेत जाहिरातींचे पैसे पानामागे मोजून घेतलेले असताना.

हे सगळं जुलैच्या आत व्हायला हवं, कारण त्यानंतर नव्या मेनूंचे फोन सुरू होतात आणि मग ना तुम्हाला वेळ, ना मला. नमुन्याचा कच्चा मसुदा मी करून ठेवला आहे. ज्या संघटनेला हवा असेल तिने कळवावं, लगेच पाठवीन. त्याचे पैसे घेणार नाही, मात्र आपला लोगो छापण्याजोग्या फाइलमध्ये पाठवा. व्हॉट्सअॅपवरून काढलेला फोटो नको.

कळावे,

आपली विश्वासू,
एक फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर
फोंडा, गोवा